बाहेरून ब्लूजवाला येतोय आणि साथीला तुमचा बँड आहे? मग तयारी अशी करा

ब्लूजचा (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताचा) माणूस एकटाच येणार आणि ड्रम, बास, कीबोर्डला जिथे गिग, म्हणजे कार्यक्रम, आहे तिथलीच पोरं घेणार, ही पद्धत फार जुनी आहे. १९५८ ला ब्लूज गायक-गिटारवाला मडी वॉटर्स इंग्लंडला गेला तेव्हा सोबत फक्त पियानोवाला ओटिस स्पॅन होता, बाकी साथ ख्रिस बार्बरच्या जॅझ बँडची. १९६३ च्या डिसेंबरात हार्मोनिकावाला सनी बॉय विल्यमसनच्या मागे यार्डबर्ड्स हा इंग्लिश बँड वाजवत होता, त्यात गिटारवाला एरिक क्लॅप्टन होता, वय १८! रॉक अँड रोलवाला चक बेरी तर वर्षानुवर्षं प्रत्येक गावात नवा बँड घेऊन, रिहर्सल न करताच स्टेजवर जायचा. आपल्याकडे २०११ ला मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिवल सुरू झाला, ब्लूज गिटारवाला बडी गाय आला होता, तेव्हापासून ऐकणारेही वाढलेत. त्यामुळे असा फोन तुम्हालाही येऊ शकतो.

फोन आला की आधी पाहुण्याकडून गाण्यांची यादी घ्या आणि प्रत्येक गाण्यापुढे तीनच गोष्टी लिहून मागा: की (गाण्याची पट्टी), टेम्पो (लय) आणि फील. फील म्हणजे ठेक्याची चाल: शफल (झुलता ठेका), स्लो ब्लूज, स्ट्रेट (सरळ ठेका) किंवा रुंबा. रेकॉर्डवरच्या की वर अजिबात विसंबू नका, वय वाढलं की गायक की उतरवतात, आणि काही गिटारवाले अर्धा सूर खाली ट्यून करतात, तेही आधीच विचारा. हार्मोनिकावाला असेल तर अजून एक घोळ असतो, तो "ए ची हार्प" (हार्प म्हणजे हार्मोनिकाच) म्हणाला तर गाणं बहुतेक वेळा ई मध्ये असतं, म्हणून हार्पची की नाही, गाण्याची की विचारायची.

आता बारा बार, म्हणजे ब्लूजची बारा मापांची फेरी. कॉर्ड नंबरने सांगतात: एक नंबरच्या कॉर्डवर चार बार, चारवर दोन, परत एकवर दोन, मग पाच, चार, एक यांवर एकेक आणि शेवटच्या बारला टर्नअराउंड (फेरी परत सुरुवातीला आणणारा तुकडा), हे वाजवणाऱ्या सगळ्यांना येतं. पण दुसऱ्याच बारला चारवर जायचं की नाही (याला क्विक चेंज म्हणतात) हे गाण्यागणिक बदलतं आणि पहिल्या कडव्यातच बँड फाटतो तो इथेच. "फ्रॉम द फाइव्ह" ऐकलं की नवव्या बारपासून सुरू करायचं, हे ड्रमरलासुद्धा पाठ हवं. आणि जुन्या वळणाचा माणूस असेल तर बारा मोजूच नका. ब्लूजवाला जॉन ली हुकर मनात येईल तेव्हा कॉर्ड बदलायचा, कधी साडेअकरा बार, कधी तेरा, १९६४ ला इंग्लंडमध्ये ग्राउंडहॉग्ज या बँडची पोरं त्याच्यामागे वाजवू शकली ते त्याच्याकडे लक्ष ठेवून. बाहेरगावचा बुवा आला की गावातला पखवाजवाला जसा त्याच्या तोंडाकडे बघत ठेका धरतो ना, तसंच हे काम आहे. बासवाल्याने पाहुण्याच्या डाव्या हाताकडे बघायचं, ड्रमरने खांद्याकडे, आणि कोणीही स्वतःच्या पेडलबोर्डकडे नाही!!

रिहर्सल मिळालीच तर बहुतेक तासभर मिळते, त्यात अख्खी गाणी वाजवत बसू नका, वेळ वाया जातो. प्रत्येक गाण्याची सुरुवात, स्टॉप्स (सगळा बँड एकदम थांबतो त्या जागा) आणि शेवट एवढंच वाजवा, मधलं आपोआप होतं. खुणा तिथेच ठरवा, मूठ म्हणजे शेवट, हात खाली म्हणजे आवाज खाली, बोटं दाखवली तर तो कॉर्डचा नंबर आहे की शार्प-फ्लॅट हे विचारून घ्या कारण दोन्ही पद्धती चालतात.

माझं ठाम मत आहे की लोकल बँडने सगळ्यात जास्त मेहनत हळू आवाजात वाजवण्यावर घ्यावी. गायक कुजबुजायला लागला की ड्रमरने नुसत्या हाय-हॅटवर यायचं, पण टेम्पो तसूभरही पडता कामा नये, हे भयंकर अवघड आहे आणि आठवडाभर रोज केल्याशिवाय जमत नाही. दुसरा गिटारवाला असेल तर त्याने गाण्याच्या ओळींवर लिक (गिटारचे छोटे तुकडे) मारू नयेत, ओळ संपल्यावरची जागाही आधी पाहुण्याची, पाहुण्याने मान हलवून दिली तर घ्यायची, आणि सोलो दिला तर दोन फेऱ्यांत आटपायचा, लोक पाहुण्याला ऐकायला आलेत.

सामानाचं एक महत्त्वाचं. अमेरिकेतून आणलेलं अँप किंवा पेडलचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असू शकतो, आपल्याकडे २३०, थेट लावलं तर जळेल. मागचं लेबल वाचा, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर भाड्याने आणा, ट्यूब अँपसाठी ५०० वॅटच्या वरचाच. खरं तर इथलंच ट्यूब अँप मिळवून दिलं तर सगळ्यात बरं. साउंडचेकला आधी पाहुण्याचा आवाज मॉनिटरमध्ये (स्टेजवरच्या वाजवणाऱ्यांसाठीच्या स्पीकरमध्ये) नीट येऊ द्या, मग तुमचा.

पैशांचं आयोजकाशी बोला, पाहुण्याशी नको, आणि गिगच्या आधीच लेखी घ्या. रेकॉर्डिंग करायचं असेल, रील टाकायचं असेल, तर साउंडचेकच्या वेळीच पाहुण्याला विचारा, नाही म्हणाला तर फोन खिशात. आणि एन्कोरसाठी (लोकांनी शेवटी 'अजून एक' म्हटलं तर) ई मधला एक शफल आणि ए मधला एक स्लो ब्लूज तयार ठेवा, यादीत नसले तरी.