‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम वर्धापनदिनी कसा ऐकावा

१३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, इंग्लंडमध्ये प्रकाशित झालेल्या, ‘ब्लॅक सॅबथ’ या ब्रिटिश बँडच्या त्याच नावाच्या अल्बमपासून हेवी मेटलचा, म्हणजे गिटारच्या जड, दणदणीत आवाजावर उभ्या असलेल्या रॉक संगीताचा, आरंभ धरण्याची प्रथा आहे. वर्धापनदिनी त्यातले एखादे लाडके गाणे लावून थांबू नये. सुमारे ३८ मिनिटांचा हा अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ या एकाच दिवशी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत, निर्माते रॉजर बेन यांच्या देखरेखीखाली, बहुतांशी एकत्र वाजवूनच ध्वनिमुद्रित झाला. त्यामुळे चार वादकांच्या एका दिवसाच्या कामाची नोंद म्हणून तो सलग, मूळ क्रमाने ऐकावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम आवृत्ती तपासावी. मूळ ब्रिटिश आवृत्तीत पाचवे गाणे ‘ईव्हिल वुमन’ आहे, जे ‘क्रो’ या अमेरिकी बँडचे होते. जून १९७० च्या अमेरिकी आवृत्तीत त्याच्या जागी ‘विकेड वर्ल्ड’ घेतले गेले. तेरा तारीख ब्रिटिश प्रकाशनाची असल्याने त्या दिवशी ब्रिटिश क्रम लावावा आणि ‘विकेड वर्ल्ड’ शेवटी वेगळे ऐकावे.

वेळ रात्रीची निवडावी. फेब्रुवारीत नाशिकच्या रात्री अजून गार असतात, त्यामुळे पंखा बंद ठेवून खिडक्या लावून घेता येतात, आणि या अल्बमला नेमकी हीच शांतता हवी असते. कारण त्याची सुरुवात पावसाचा आवाज, दूरची घंटा आणि गडगडाट यांनी होते. कॉलेज रोडच्या रहदारीत, गाडीच्या स्पीकरवर, हा पाऊस ऐकूच येत नाही आणि मग गिटारचा पहिला आघात निम्माच पोहोचतो. आवाजाची पातळी त्या आघातावर ठरवावी. पावसावर ठरवल्यास पुढे शेजारी दार वाजवतील.

शीर्षकगीताला सर्वाधिक वेळ द्यावा. गिटारवादक टोनी आयोमीचा मूळ रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, अवघ्या तीन स्वरांचा आहे: षड्ज, वरचा षड्ज आणि तेथून खाली तीव्र मध्यम. ज्यांच्या घरात शास्त्रीय संगीत ऐकले जाते त्यांनी हार्मोनियमवर हे तीन स्वर सावकाश वाजवून पाहावेत. यमनमध्ये तीव्र मध्यम पंचमाकडे नेतो आणि मन निवते; येथे मात्र गिटार त्या स्वरावर थरथरत रेंगाळते, पंचमावर विसावत नाही, आणि श्रोत्याला वाटणारी भीती मुख्यतः या अडवून धरलेल्या स्वरातून येते. गायक ऑझी ऑझबर्नच्या शब्दांआधीच ती उभी राहिलेली असते. गाण्याच्या उत्तरार्धात लय एकाएकी धावू लागते, तेथे गिटारऐवजी बिल वॉर्डच्या ड्रम्सकडे कान द्यावा.

दुसऱ्यांदा ऐकताना आयोमीच्या बोटांचा विचार करावा. बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात काम करताना, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. तो डावखुरा असल्यामुळे हीच बोटे तारा दाबणारी होती. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने स्वतःच बोटांसाठी टोपणे घडवली आणि हलक्या तारा वापरायला सुरुवात केली. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेसवर काम करणाऱ्या माणसाला या अपघाताचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही, आणि म्हणूनच हा अल्बम नाशिकमध्ये परका वाटू नये असे मला मनापासून वाटते. तारा ढिल्या करून खर्ज गाठण्याची त्याची प्रसिद्ध पद्धत पुढच्या काळातली आहे. येथील वजन तारांच्या नेहमीच्या स्वरजुळणीतूनच निर्माण झाले आहे, हे ध्यानात ठेवून ऐकल्यास त्याच्या हाताची ताकद कळते.

‘द विझर्ड’मधील ऑझीचे माउथ ऑर्गन आणि ‘एन. आय. बी.’च्या आरंभीचे गीझर बटलरचे एकट्याचे बास वादन यांसाठी साधे हेडफोनही पुरतात. ‘ईव्हिल वुमन’वर फार रेंगाळू नये, ते या चौघांच्या स्वभावाचे गाणे नाही.

‘वॉर्निंग’ हे दहा मिनिटांहून मोठे गाणे अनेकजण वगळून पुढे जातात. तसे करू नये. ब्लूजमधून हे चौघे नेमके कसे बाहेर पडत होते, हे त्यातील लांब गिटारवादनातच दिसते. काही जागा सैल आहेत, पण त्या सैलपणातूनच एका दिवसात, फारशी दुरुस्ती न करता वाजवलेले संगीत ओळखू येते.

५ जुलै २०२५ रोजी हे चारही मूळ वादक बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात, व्हिला पार्कवर, अखेरचे एकत्र वाजले आणि २२ जुलैला ऑझी गेला. त्या मैफलीचे चित्रण पाहायचे असल्यास अल्बम संपल्यावर, दुसऱ्या दिवशी पाहावे. आधी पाहिल्यास विशीतला ऑझी शोकाच्या पडद्याआडून ऐकू येतो, आणि त्या तरुण, किंचित घाबरलेल्या आवाजावर तो अन्याय ठरतो.