हृदयरुग्णांनी एलडीएलचे लक्ष्य कसे गाठावे

अँजिओप्लास्टीनंतर काही महिन्यांनी लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीचा अहवाल हाती येतो, त्यात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ९५ असते, शेजारी छापलेल्या १०० च्या मर्यादेत ते बसते आणि घरचे सगळे निर्धास्त होतात. ही मर्यादा हृदयरुग्णांसाठी नसते. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे किंवा बायपास झाली आहे, त्यांचे एलडीएल ५५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असावे, असे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सांगितले आहे. हा आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

त्यानंतर औषध सुरू होण्यापूर्वीचा अहवाल शोधावा, कारण किती उतरायचे आहे हे त्यावरूनच कळते. समजा, ते एलडीएल १३० होते. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांपैकी अटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम या जोरकस मात्रांनी ते साधारण निम्मे, म्हणजे ६५ होईल. लक्ष्य तरीही दूरच राहील. येथे गोळीची मात्रा दुप्पट करून फारसे साधत नाही, कारण प्रत्येक दुपटीने जेमतेम सहा टक्के अधिक घट होते. त्याऐवजी एझेटिमाइब ही वेगळ्या प्रकारची गोळी १० मिलिग्रॅम जोडल्यास उरलेल्यातील सुमारे पाचवा हिस्सा कमी होऊन आकडा ५२ च्या आसपास येतो. म्हणूनच “दुसरी गोळी जोडावी का?” हा प्रश्न रुग्णाने स्वतःहून डॉक्टरांना विचारावा. एवढ्यानेही भागले नाही, तर बेम्पेडोइक अॅसिड किंवा इंजेक्शने आहेत. त्यांपैकी इन्क्लिसिरान सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर सहा महिन्यांतून एकदा घ्यावे लागते, मात्र ते महाग आहे.

औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा तपासणी करावी. ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा आणखी एक प्रकार) फार वाढलेले नसल्यास त्यासाठी उपाशी राहण्याची बहुधा गरज नसते.

सर्वांत मोठी चूक पुढेच होते: अहवाल चांगला आला की गोळी बंद केली जाते आणि काही आठवड्यांत एलडीएल पूर्वपदावर जाते. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. अटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन या दोन्ही गोळ्या दिवसात केव्हाही चालतात. त्यामुळे ठाण्याहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याने रात्रीचा आग्रह न धरता आपल्याला आठवेल ती वेळ ठरवावी. खर्चाची अडचण असेल, तर जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. स्नायू दुखू लागले, तर परस्पर गोळी न सोडता डॉक्टरांना कळवावे, कारण मात्रा किंवा औषध बदलता येते. लघवी गडद झाली किंवा फार अशक्तपणा आला, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे.

आहाराने एलडीएल थोडेच उतरते, तरी वनस्पती तूप, तळण आणि रोजच्या वाटणातले खोबरे कमी करून डाळी, ओट्स, भाज्या वाढवाव्यात. ठाण्यातल्या उपवन किंवा तलावपाळी या तलावांभोवती नियमित चालणे हृदयासाठी हितकारक आहे, फक्त ते गोळीला पर्याय नाही.

औषधापूर्वीचे एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असेल, तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी, कारण हा दोष आनुवंशिक असू शकतो.