ओट्याचा दगड ठरवण्याआधी

दुकानात पाऊल टाकण्याआधी घरात आंबट काय काय असतं ते आठवा. कोकमाचं आगळ, चिंचेचा कोळ, कैरी, बांगड्याला चोळलेलं लिंबू. कोकणातल्या ओट्यावर रोज काहीतरी आंबट सांडतंच, आणि माझ्या मते दगड त्यावरूनच ठरवावा, रंग मागाहून. संगमरवर, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुन्याचे दगड. आंबट पडलं की पॉलिश खाल्लं जातं आणि तिथे निस्तेज ठिपका उरतो. दगडाचा वरचा थरच गेलेला असतो, त्यामुळे घासून तो ठिपका निघत नाही. ग्रॅनाइटात मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतं, त्यांना लिंबू लागत नाही. ताजमहालाला लागलेला मकराण्याचा संगमरवर देवघरात खुशाल बसवा, ओट्यावर नको. कडप्पा स्वस्त आणि भक्कम आहे, तो ओट्याखालच्या उभ्या आधारांना आणि फळ्यांना वापरा.

ग्रॅनाइट ठरलं तरी दुकानदाराकडून त्याच लॉटचा हातभर तुकडा मागून घ्या. त्यावर आगळ, हळद कालवलेलं खोबरेल आणि साधं पाणी, तिन्हींचे थेंब रात्रभर ठेवा. पाण्याखालचा दगड काळवंडला तर तो पाणी पितो, म्हणजे तेलही पिणार. फिक्या रंगाच्या ग्रॅनाइटांत हे जास्त दिसतं. काळा दगड घेत असाल तर नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून मागून-पुढून घासा. कापूस काळा झाला तर रंग चढवलेला आहे, तो लॉट सोडून द्या. आंध्रातल्या चिमाकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी, त्यातल्या सोनेरी चमचमीमुळे, चांगला ओळखू येतो. लादी उभी असताना पाण्याने भिजवा आणि सुकताना बघा: चीर असेल तर तिथली ओल शेवटपर्यंत राहते.

माप घ्यायला कारागिराला बोलवाल तेव्हा सिंक आणि शेगडी घरात आलेली असू दे. कागदावरच्या मापावर भोक पाडू देऊ नका. जोड सिंकवर किंवा शेगडीच्या भोकावर येता कामा नये, कारण तिथे दगडाची पट्टी अरुंद उरते आणि तिथेच तडा जातो. उंची रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला किंवा बाप्याला उभं करून, कोपराखाली चार बोटं सोडून ठरवा. पुढच्या कडेखाली पाणी तुटायला खाच आणि सिंककडे किंचित उतार, हे दोन्ही बोलून घ्या, नाहीतर मासे धुतलेलं पाणी खालच्या कपाटात जातं.

आता रेतीचं. खाडीची रेती ओट्याच्या सिमेंटच्या मसाल्यात अजिबात नको. तिच्यातलं मीठ ओलीबरोबर वर येतं, जोडांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं आणि आतली सळी गंजते. आपल्याकडे हवाच खारट, त्यात आणखी मीठ कशाला? घर जांभ्याच्या चिऱ्याचं असेल तर नुसत्या भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून दगड टांगू नका. चिरा मऊ असतो. खालून विटेचा किंवा कडप्प्याचा आधार उभा करा.

बाथरूमला वेगळा विचार लागतो. बेसिनभोवती पॉलिश चालेल, जमिनीवर खरखरीत फिनिशच घ्या. संडास साफ करायचं अॅसिड संगमरवरावर पडू नये एवढं घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

वेळेचं गणित मात्र कडक ठेवा. गणपतीआधी सगळ्यांनाच घर उरकायचं असतं, पण सीलर (दगडाने पाणी-तेल पिऊ नये म्हणून लावायचा द्रव) कोरड्या दगडातच मुरतो आणि श्रावणात कोकणातला दगड कोरडा नसतो. म्हणून ऑर्डर फेब्रुवारी-मार्चमध्ये द्या, बसवणं मे महिन्यापर्यंत संपवा, आणि उरलेला मोठा तुकडा कारागिराकडे न ठेवता घरी आणा. पुढे नळ बदलताना पॅच लागला तर त्या लॉटचा दगड बाजारात मिळणार नाही.