फॅब लॅबमधील काम बिघडते कुठे? या चुका टाळा

पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब (सर्वांना वापरता येणारी कार्यशाळा) उभी राहिली, तेव्हा संगणकावर चालणारी यंत्रे खेड्यातल्या मुलांच्या हाती देण्याची कल्पनाच नवी होती. आज मराठवाड्यातले विद्यार्थी आणि नवउद्योजकही थ्री-डी प्रिंटर व लेझर कटरवर काम करू लागले आहेत, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. अशा एका सामायिक कार्यशाळेत मुलांसोबत काम करताना मला एक गोष्ट पक्की समजली: काम बहुधा यंत्राच्या दोषामुळे बिघडत नाही, तर आपले ऊन, आपले पाणी आणि आपली वीज हिशेबात न घेतल्यामुळे बिघडते.

दोन तरुणांनी सोयाबीनच्या टोकण यंत्रासाठी बियाण्याची चकती थ्री-डी प्रिंटरवर छापली होती. खाचांचे माप अचूक होते आणि कार्यशाळेत प्रत्येक खाचेत एकेकच दाणा बसत होता. मे महिन्यात ती चकती दुपारभर बंद जीपमध्ये राहिली आणि शेतावर पोहोचेपर्यंत भाजलेल्या पापडासारखी कडेने वर वळली. चकती पीएलए या प्लॅस्टिकची होती, आणि पीएलए सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत आपल्याकडे तेवढी उष्णता सहज होते. नमुना टेबलावर दाखवायचा असेल तर पीएलए उत्तम आहे. शेतात किंवा गाडीत वापरायच्या वस्तूसाठी मात्र सुमारे ८० अंशांपर्यंत तग धरणारे पीईटीजी किंवा त्याहून अधिक उष्णता सोसणारे एबीएस निवडावे.

पावसाळ्यातली तक्रार वेगळी असते. छापताना नोझलमधून, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक सोडणाऱ्या तोंडातून, चटचट आवाज येतो, धागे सुटतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. अशा वेळी मुले नोझल बदलत बसतात, पण खरे कारण फिलॅमेंटने (छपाईच्या प्लॅस्टिकच्या तारेने) ओढून घेतलेली हवेतली आर्द्रता हे असते. पीएलएचे स्पूल (तारेची गुंडाळी) ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास वाळवावे आणि नंतर सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

लेझर कटरच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी चूक पाण्याची आहे. कार्बन डायऑक्साइड लेझरची काचेची नळी पाण्याने थंड ठेवावी लागते. त्यासाठी बोअरचे पाणी टाकीत भरले की नळीत क्षार साचतात. म्हणून बॅटरीत घालतात तसे डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. दुसरे असे की, हे पाणी थंड करणारे स्वस्तातले काही चिलर नावापुरतेच चिलर असतात. त्यांत कॉम्प्रेसर नसतो, फक्त पंखा आणि रेडिएटर असतो, त्यामुळे पाणी खोलीच्या तापमानाखाली उतरूच शकत नाही. खोली ४० अंशांवर असताना कापणी उथळ होऊ लागली, तर लेझरचा झोत वळवणारे आरसे पुसण्याआधी पाण्याचे तापमान पाहावे. ते ३० अंशांच्या वर असेल तर काम थांबवावे. तसेच चालू ठेवल्यास नळीचे आयुष्य घटते.

रेक्झिन किंवा फ्लेक्सचा तुकडा लेझरखाली कधीही ठेवू नये. त्यांत पीव्हीसी असते, आणि ते जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुप्फुसांना इजा करतो व यंत्राचे लोखंडी भाग गंजवतो. लेझर सुरू असताना चहाला जाणे तर मुळीच चालणार नाही, कारण ॲक्रिलिक क्षणात पेट घेते.

अर्थिंगकडेही असेच दुर्लक्ष होते. लेझरच्या वीजपुरवठ्यात हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही निकामी होतो. यंत्राच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर ‘थोडे करंट येतेच’ असे म्हणून सोडून न देता काम बंद करावे, वायरमनकडून तपासणी करून घ्यावी आणि खड्ड्यात नियमित पाणी घालावे.

मापाच्या चुका त्या मानाने लवकर सुधारतात. थ्री-डी आकार साठवणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये मापाचे एकक नोंदलेले नसते, त्यामुळे इंचांत काढलेली वस्तू मिलिमीटरमध्ये उघडली की २५.४ पट लहान दिसते. ‘३ एमएम’ म्हणून घेतलेले प्लायवूडही नेमके ३ मिलिमीटर भरेलच असे नाही. खाचा आखण्यापूर्वी ते व्हर्निअरने चार ठिकाणी मोजावे आणि आधी एका छोट्या तुकड्यावर चाचणी घ्यावी.

नवउद्योजकांना एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. नमुना जमला म्हणून शेकडो नग प्रिंटरवरच काढण्याचा हिशेब मांडू नये; एकेका नगाला लागणारे तास मोजले की तो परवडत नाही, हे लगेच दिसते. छत्रपती संभाजीनगरमध्ये साचे बनवणारी इंडो-जर्मन टूल रूम आहे आणि वाळूज, चिकलठाणा येथे प्लॅस्टिकच्या कामाचे जाणकारही आहेत. त्यांच्याकडे साचा करून घ्यायला जाण्यापूर्वी डिझाइनमधील उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा उतार द्यावा. प्रिंटरला त्याची गरज भासत नाही, पण साच्यातून चकती मोकळी सुटते ती त्या उतारामुळेच.