झायलीन चालवताना आधी प्लाझ्मा बघा

आयसीपी-एमएसवर, म्हणजे आरगॉनच्या तापलेल्या प्लाझ्मात नमुना सोडून त्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या मशीनवर, पहिल्यांदा झायलीन हे सेंद्रिय सॉल्व्हंट चालवलं तेव्हा माझी नजर पडद्यावरच्या आकड्यांवरच होती. तासाभरात, तुलनेसाठी मुद्दाम घातलेल्या इंडियमचा सिग्नल निम्म्यावर आला. मशीन उघडलं, तर सॅम्पलर कोनच्या (प्लाझ्मातले आयन आत घेणाऱ्या धातूच्या शंकूच्या) भोकाभोवती काजळीचा थर. तेव्हापासून मी आधी खिडकीतून प्लाझ्मा बघते.

सॉल्व्हंटमधला कार्बन कोनवर साचतो, तो जाळायला ऑक्सिजन लागतो. मी आरगॉनमध्ये 20 टक्के ऑक्सिजन असलेलं मिश्रण वापरते. कोन मात्र प्लॅटिनमचे हवेत, निकेलचे ऑक्सिजनने लवकर झिजतात. प्लाझ्मा पेटवताना ऑक्सिजन बंद ठेवा. स्थिर झाला की ऑक्सिजन, मग सॉल्व्हंट. थांबताना आधी सॉल्व्हंट काढा, ऑक्सिजन थोडा वेळ चालू द्या.

किती ऑक्सिजन, हे डोळ्यांनी ठरतं. प्लाझ्माच्या मधोमध हिरवी जीभ दिसते, ती कार्बनची. सुरुवातीला ऑक्सिजन जरा जास्त ठेवा आणि हळूहळू कमी करत जा. कोनवर काळं धरायला लागलं की किंचित वाढवा आणि तिथेच थांबा. सॉल्व्हंट बदललं की हे सगळं पुन्हा करायचं. कालचा आकडा आज चालत नाही.

वाफ कमी जावी म्हणून स्प्रे चेंबर (फवाऱ्यातले मोठे थेंब वेगळे करणारी कोठी) मी उणे 5 अंशांवर ठेवते, ॲसिटोनसाठी आणखी खाली. इंजेक्टर, म्हणजे फवारा प्लाझ्मात सोडणारी नळी, 2.5 ऐवजी 1.5 किंवा 1 मिलिमीटरचा. पंपाच्या साध्या पीव्हीसी नळ्या झायलीनमध्ये टिकत नाहीत. मी पंप न लावता नेब्युलायझरला (द्रवाचा फवारा करणाऱ्या भागाला) स्वतःच ओढू देते. ड्रेनची नळी मात्र सॉल्व्हंटला टिकणारी हवीच.

पाण्यावरून थेट झायलीनवर जाऊ नका, दोन्ही मिसळत नाहीत. मध्ये आयसोप्रोपॅनॉल चालवा, परततानाही.

स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं माहीत प्रमाणाचं द्रावण, त्याच सॉल्व्हंटमध्ये बनवा. कार्बनमुळे आर्सेनिक आणि सेलेनियमचा सिग्नल वाढतो, त्यामुळे पाण्यातल्या स्टँडर्डवरून काढलेलं उत्तर चुकतं. क्रोमियम 52 वर (आकडा वस्तुमानाचा) आरगॉन आणि कार्बनचा जोड येऊन बसतो, तिथे कोलिजन सेलमध्ये (असे जोड अडवणाऱ्या भागात) हीलियम द्या. मॅग्नेशियम 24 वर दोन कार्बन येतात, म्हणून ब्लँक (नुसतं सॉल्व्हंट) दर वेळी बघा.

आणि वेस्टची बाटली. नायट्रिक ॲसिडचं वेस्ट ज्या बाटलीत जातं तिच्यात सॉल्व्हंट कधीही सोडू नका, स्फोट होऊ शकतो. मशीन सुरू करण्याआधी मी ड्रेनच्या नळीचं टोक हातात धरून बघते, ती कुठल्या बाटलीत गेली आहे ते.