'जगात गहू स्वस्त झाला' अशी बातमी आली की हिशोब कसा लावायचा

एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा, जगातल्या अन्नाच्या भावांचा फूड प्राइस इंडेक्स दर महिन्याला येतो, आकडा खाली गेला की आपण हुश्श करतो. पण गव्हाचा सौदा होतो डॉलरमध्ये आणि भाकरी कुणी डॉलर देऊन घेत नाही. म्हणून अशी बातमी दिसली की एक देश धरा आणि स्वतः हिशोब करून बघा. मी इजिप्त धरतो, कारण गहू आयात करण्यात तो कायम वरच्या नंबरात असतो आणि 2022 च्या रशिया-युक्रेन युद्धाआधी त्यातला बहुतेक माल याच दोन देशांचा होता.

आधी बंदरात पोचल्यावरचा भाव काढा, म्हणजे गहू अधिक जहाजभाडं अधिक विमा. काळ्या समुद्रात युद्ध पेटलं की विमा लगेच चढतो हे लक्षात ठेवा.

मग त्याला तिथल्या चलनातल्या डॉलरच्या दराने गुणा. खरी मेख इथेच आहे. समजा 2022 मध्ये टनाला 450 डॉलर पडत होते आणि नंतर 280 वर आले, म्हणजे झाला की स्वस्त! पण मार्च 2022 च्या सुरुवातीला डॉलर 16 इजिप्शियन पाउंडांच्या आत होता आणि मार्च 2024 मध्ये सरकारने पाउंडाचा दर बाजारावर मोकळा सोडल्यावर तो 50 च्या जवळ गेला, आता गुणाकार करा, आधी 7,200 पाउंड आणि नंतर 48 चा दर धरला तरी 13,440. जगात स्वस्त झालेला गहू कैरोत जवळपास दुप्पट महाग.

तिसरं, देशाकडे डॉलर येतात कुठून ते शोधा, हे फार कमी लोक बघतात. काळ्या समुद्रातला गहू भूमध्य समुद्रातून थेट अलेक्झांड्रियाला येतो, त्याला तांबडा समुद्र लागतच नाही. तरी नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर येमेनमधल्या हूती बंडखोरांचे हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली आणि इजिप्तला सुएझ कालव्यातून जाणाऱ्या जहाजांच्या टोलमधून मिळणारी कमाई 2023 मधल्या 1,000 कोटी डॉलरवरून 2024 मध्ये 400 कोटींच्या आसपास आली. म्हणजे गव्हाची वाट मोकळी पण गहू घ्यायचे डॉलरच आटले.

शेवटी ताटात काय झालं ते बघा. तिथे रेशनवरची बलदी रोटी (तिथली रोजची साधी रोटी) तीसेक वर्षं 5 पियास्त्रला (100 पियास्त्र म्हणजे एक पाउंड) मिळायची, 1 जून 2024 पासून ती 20 ची झाली. सुमारे 7 कोटी लोक या रोटीवर आहेत, ज्यांच्या घरात रोज वीस-पंचवीस रोट्या लागतात त्यांना हा फरक काय असेल विचार करा.

हाच हिशोब आपल्या तेलाच्या डब्यालाही लावता येतो, कारण निम्म्याहून जास्त खाद्यतेल आपण बाहेरून आणतो. काळ्या समुद्राकडून येणाऱ्या सूर्यफूल तेलाची जवळची वाट तर सुएझ आणि तांबड्या समुद्रातूनच आहे, तिथून वळसा पडला की दहा-चौदा दिवस आणि तेवढं इंधन वाढतं. फक्त आपल्याकडे ड्युटीही धरा, कच्च्या खाद्यतेलावर ती सप्टेंबर 2024 मध्ये सेससकट 5.5 वरून 27.5 टक्के झाली आणि मे 2025 च्या शेवटी 16.5 वर आली, त्यामुळे भाव हलला की आधी ड्युटी बदलली का ते बघा, मग जहाजांकडे वळा.