दाराशी साचणारा पसारा मी कसा आवरला

दारातून आत येताच पहिले पाऊल कोणाच्या तरी चपलेवर पडत असे. शेजारीच चपलांचे मोठे कपाट होते, तरीही चपला बाहेरच राहत. याचे कारण घरच्यांचा आळस नसून कपाटाचे दार आहे, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. हातात पिशवी आणि छत्री असताना वाकून दार उघडणे कोणालाच जमत नव्हते, शिवाय बंद कप्प्यात हवा न लागल्याने ओल्या बुटांना कुबट वास येई तो वेगळाच. मी कपाटाची दारे काढून टाकली, उंच बुटांसाठी खालचा कप्पा मोकळा सोडला आणि बूट बसून घालता यावेत म्हणून शेजारी 45 सेंटिमीटर उंचीचा बाक ठेवला.

खुंट्यांच्या बाबतीत मात्र मी चुकलो. सगळ्या खुंट्या माझ्या खांद्याच्या उंचीवर बसवल्या आणि मुलीचे दप्तर पूर्वीसारखेच जमिनीवर लोळत राहिले. शेवटी तिलाच भिंतीशी उभे करून, तिचा हात सहज पोहोचतो तिथे, म्हणजे सुमारे 90 सेंटिमीटरवर, पेन्सिलीने खूण केली. त्या उंचीवर आडवी लाकडी पट्टी चार स्क्रूंनी भिंतीला पक्की केली आणि खुंट्या पट्टीवर लावल्या, जेणेकरून भरलेल्या दप्तराचा भार एकाच स्क्रूवर येऊ नये.

किल्ल्यांसाठी आधी खोलगट वाटी ठेवली होती. आठवडाभरात ती सुटी नाणी आणि पावत्यांनी भरली. आता तिथे किल्ल्या अडकवायला फक्त दोन आकडे आहेत.